खाटेवरच्या पाटीवरून झालेली मारहाण

नाव : चंपत जगदेव गावंडे, वय ५२ वर्षे, व्यवसाय : खासगी दवाखान्यात स्वयंपाकघर प्रमुख, शिक्षण : सातवी, पुढचे स्वतः वाचून, रा. शेलूबाजार, ता. मंगरुळपीर, जि. वाशिम.

समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, दवाखान्यातील आहारतज्ज्ञ रुचिका मॅडम रुग्ण तपासून लिहून देतात तसा आहार मी शिजवतो व खाटेला लावायची पाटी मराठीत लिहितो. माझ्या पाटीचा अर्थ आजवर कुणाला विचारावा लागलेला नाही.

काल किन्हीराजा येथील रामराव यांना मुलगा हरीओम व सून राखी यांनी दाखल केले. घरी चाळीस एकर बागायत. पत्नी कस्तुराबाई वारल्यापासून रामराव चहाशिवाय काही घेत नव्हते. मॅडमनी वजन केले, दंडाचा घेर मोजला व ठरलेल्या पद्धतीने आधी निदान, मग कारण, मग पुरावा असे लिहून दिले. त्यावरून मी पाटी केली : "तीव्र कुपोषण. कारण : पत्नीच्या निधनानंतर जेवण बंद. पुरावा : घटलेले वजन, सुकलेला दंड. पेज थोडी थोडी. गोड, तुपकट बंद." इतके दिवस उपाशी शरीराला एकदम जड मिळाले तर रक्तातले क्षार कोसळतात व हृदय थांबू शकते, हे मॅडमनी राखीबाईंना माझ्यासमोर समजावले.

आज दुपारी सोयरे दुखवट्याचे तोंड गोड करायला शिऱ्याचा डबा घेऊन आले. एकाने पाटी मोठ्याने वाचली व म्हणाला, "काय हरीओम, चाळीस एकराचा मालक अन् बाप कुपोषित? कुत्र्याले तरी भाकर टाकतं का?" सगळे हसले.

हरीओमने मॅडमना बोलावले. "माह्या बापाले मी उपाशी मारून राह्यलो असं लिवतं का तू? पुस ते. अशक्तपणा लिव."

मॅडम म्हणाल्या, "दादा, ही शिवी नाही, निदान आहे. सगळीकडे हाच शब्द लिहितात. उद्या यांना अकोल्याला हलवलं तर तिथल्या डॉक्टरला वाचताक्षणी कळलं पाहिजे. अशक्तपणा लिहिला तर कुणीही शिरा भरवेल."

त्याने पाटी उपटून तिच्या कडेने मॅडमच्या तोंडावर मारले. समोरचे दोन दात पडले. त्या कोसळल्यावर केस धरून डोके खाटेच्या पायावर आपटले. किती वेळा, ते मी मोजले नाही. हवालदार गोविंदसिंग यांनी येथे "झटापट" लिहिले होते, ते मी खोडायला लावले. झटापट दोघांची असते. मॅडमचा हात उठलेला नव्हता.

मी शेजारच्या खोलीत उघड्या दारासमोर पेज ढवळत होतो तो लोखंडी सराटा घेऊन धावलो व हरीओमच्या खांद्यावर दोनदा मारला. हे लपवत नाही. त्याने सलाईनच्या स्टँडने माझे उजवे मनगट मोडले.

तेव्हा रामराव उठून बसले. "पोरीले मारू नको, बाबू. खरं लिवलं तिनं. म्या जेवन सोडलं, अन् तुमी कोनी इचारलं नाही."

हरीओमने वडिलांच्या थोबाडीत मारली. हे वाक्य मी विचार करून लिहायला सांगत आहे. मग त्यांच्या हाताची सुई ओढून काढली व रक्त वाहत असतानाच उचलून जीपमध्ये घातले. सोयऱ्यांपैकी कुणी आडवे आले नाही. मॅडमना बेशुद्धीत अकोल्याला नेले आहे.

हा जबाब चालू असताना राखीबाईंनी मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. ओसरीत सोयरे, मध्ये रामराव. हरीओम त्यांना शिरा भरवत म्हणतो, "पाहा, कोन म्हन्ते माहा बाप उपाशी हाय!" वाटी अर्धी झालेली आहे. मी फोन लावला. राखीबाई सासऱ्यांबद्दल हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, मामाजी छातीले हात लावून राह्यले. हे दारात बसले हायेत, कोनाले जाऊ देत नाहीत. काय करू?"

रामराव या क्षणी जिवंत आहेत. डॉक्टर घेऊन गाडी आधी किन्हीराजाला काढावी. जबाब वाचून दाखवण्याची रीत मला माहीत आहे, पण त्यात वेळ जाईल. लिहिले ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे असे धरून, न ऐकता, डाव्या हाताने सही करतो.