सातवं रीळ

त्रेचाळीस सालची गोष्ट. कर्जतच्या तंबूतल्या सिनेमाबाहेर बायकांची रांग लागली होती. नवऱ्याचा डबा घेऊन आलेली नफिसा मागं उभी होती, आणि पुढच्या दोघींचं बोलणं आपसूक तिच्या कानी पडत होतं.

"सोनाबाय, पळसदरीवरनं चालत आलीस व्हय गं?"

"आले. ती मुखवटेवाली घोड्यावरनं येते नि तुरुंगाचं दार फोडते, तेवढं बघायचंय."

"ते सातवं रीळ फौजदारानं काढून नेलं. लोकं लई टाळ्या वाजवतात म्हनं."

"माझा धाकलू चळवळीत तारा तोडल्या म्हनून तुरुंगात हाय, सुंदरा. त्याचं दार फुटताना मला कोन दावनार?"

"मी दावते. पाच येळा बघितलाय. सहावं रीळ संपून दिवा लागला की उठते नि सगळं सांगते."

"फौजदार मागंच बसतो की गं."

"बसू दे. रीळ त्याच्या कपाटात हाय, गोष्ट माझ्या डोसक्यात हाय."

"आनि घोडा?"

"टापा तू वाजव, मांडीवर."

नफिसानं डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मशीन माझे घरवाले चालवतात," ती म्हणाली. "रीळ बदलायला पाच मिनिटं लागतात. त्यांना सांगते, आज पंधरा लावा."