आबांनी आवळलेला कूलर

साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या एसटीत रेश्माच्या पुढच्या सीटवर फौजेतून निवृत्त झालेले धोंडिराम आणि त्यांची लेक अक्षता बसले होते. अक्षताच्या मांडीवर कॉम्प्युटरचा झाकण काढलेला डबा होता. त्यांचं बोलणं कानावर पडलं तशी रेश्मानं हळूच इअरफोन काढला.

"कूलर हलत हुता, म्हणून जरा आवळला."

"जरा? आबा, खालचं प्रोसेसरचं सॉकेट मोडलं! पंखा बसवायचा हुता, तोफ न्हवं."

"फौजेत आमी कायबी सैल ठेवत न्हवतो."

"व्हय की. दुश्मन हातात गावला न्हाई, माझा कॉम्प्युटर गावला. मेडल कुठं लावू?"

"लय बोलू नगं. सांगलीत मिळंल सॉकेट बदलून."

"मिळालं तर बरं. न्हाईतर घरनं काम बंद. कंपनी म्हणती, पुण्यालाच राहायला या."

कराड मागं पडल्यावर धोंडिराम तिच्याकडे वळले.

"राहायला म्हंजे, कायमचं?"

"मग काय, पाहुणी म्हणून? तुमाला तर बरंच हुईल. घरात किरकिर न्हाई."

"आण त्यो कॉम्प्युटर हिकडं. माझ्या मांडीवर दे."

"आवं, ऱ्हाऊ द्या, जड हाय."

"दे म्हणतो न्हवं! ओ ड्रायव्हर, गड्या, खड्डं बघून चालव की रं!"