कस्तुराबाईंचा भोकांचा डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संस्थापक माननीय मानसिंगराव खपाले साहेब, वेळात वेळ काढून आलेले तंत्रशाळेचे प्राचार्य महोदय, आजच्या सत्कारमूर्ती सौ. कस्तुराबाई येडू बंडगर, व्यासपीठावर बसायला ठाम नकार देऊन पहिल्या रांगेत फेटा सावरत बसलेले येडूबापू, आणि मिक्सिंगपासून पॅकिंगपर्यंत सगळ्या खात्यांतल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

माझं नाव व्यंकटेश अंकम. आपण सगळे ओळखताच, तरी पाहुण्यांसाठी सांगितलं. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळेत मराठी शिकलो, आणि ड्रॉइंग ऑफिसात आल्यापासून फक्त मिलिमीटर बोलतो. तेव्हा भाषणात कुठं माप चुकलं तर सांभाळून घ्या.

कस्तुराबाई आज अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होत आहेत. अडुसष्ट साली कारखान्याचा पहिला घाणा निघाला, त्या दिवसापासून त्या पॅकिंगमध्ये आहेत. इथं येण्यापूर्वी सांगोल्याकडं मेंढरांमागं फिरल्या, आणि इथं येऊन बावीस बायकांच्या मुकादम झाल्या. त्या नेहमी म्हणतात, "मेंढरं बरी हुती साहेब, ती निदान उलट बोलत न्हवती." (हसू नका, पॅकिंगवाल्यांनो, तुमच्याबद्दलच म्हणतात.)

प्राचार्य महोदय, आपण मघाशी विचारलंत की इथं नेमकं काय बनतं. इथं चिकटवण्याच्या कांड्या बनतात. वीतभर लांब, बोटाएवढ्या जाड, मेणबत्तीसारख्या दिसतात. यंत्रात घालून तापवल्या की वितळतात, बुटाचा तळ किंवा पुस्तकाची पाठ त्यावर दाबली की गार होता होता पक्की चिकटते. माल फार गुणी. पण त्याचा एकच दोष असा की चिकटवणं हाच त्याचा धर्म आहे, आणि तो धर्म तो वाटेतसुद्धा सोडत नाही.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात हे आम्हाला कळलं. मद्रासच्या एका बुटांच्या कारखान्याला आपण पुठ्ठ्याच्या खोक्यांतून माल पाठवला होता. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू? त्यात मालगाडीची बंद वाघीण, एकावर एक सहा खोकी, वरच्याचा भार खालच्यावर. पंधरा दिवसांनी मद्रासहून एक पार्सल आलं. साहेबांच्या टेबलावर ते उघडलं, तर आत पाटावरवंट्याएवढं एक ढेकूळ. सोबत चार ओळींचं पत्र. पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा असं झालं, तर आमचा तुमचा संबंध संपला.

कस्तुराबाईंना बोलावलं होतं. त्यांनी ते ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं, फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही तर समद्यांची मिळून एकच कांडी झाली की."

कुणी हसलं नाही. कारण आपला निम्मा माल त्या एका गिऱ्हाइकाकडं जात होता. तो थांबला तर निम्मं पॅकिंग खातं बंद करावं लागेल, हे साहेबांनी तिथंच सांगितलं. आणि पॅकिंगमध्ये कोण होत्या? बहात्तरच्या दुष्काळात गावं सोडून आलेल्या बायका. माढ्याच्या, मोहोळच्या, सांगोल्याच्या. खडी फोडायचं काम सोडून नुकत्याच सावलीत बसायला लागल्या होत्या.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "अंकम, डबा काढा. भक्कम पाहिजे, आणि परत आणून पुन्हा भरता आला पाहिजे."

मी पदविका घेऊन आलेला, हातात नवी टी-स्क्वेअर. महिनाभर खपून पत्र्याचा डबा काढला. काय देखणा डबा! घट्ट झाकण, दोन्हीकडं कड्या, कोपरे गोल, आतून कलई. आपले पत्राकाम करणारे मडिवाळप्पा, ते तिकडं खांबाला टेकून उभे आहेत, त्यांनी असे साठ डबे इतके सुंदर बनवले की मला ते गिऱ्हाइकाला द्यायलाच नको वाटत होतं. थंडीच्या दिवसांत माल भरून पाठवले. माल नीट पोचला. मी छाती काढून फिरू लागलो.

साठातले अकरा डबे परत आले.

आम्ही पत्रं लिहिली, स्मरणपत्रं लिहिली. उत्तर एकच, शोध चालू आहे. मी कस्तुराबाईंपुढं मद्रासच्या लोकांच्या नावानं बोटं मोडत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुमच्या घरी हाय का न्हाय एक?"

खोटं कशाला बोलू? होता. माझ्या आईनं त्यात ज्वारीचं पीठ भरून ठेवलं होतं.

"मग त्यांच्या आया काय येड्या हायती?" बाई म्हणाल्या. "पीठ ऱ्हातंय, पानी ऱ्हातंय, उंदीर शिरत न्हाय. असला डबा कोन परत दील? डबा असा करा, की कांड्या काडल्या की त्यो कुनाच्याच कामाचा न्हाय."

हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, प्राचार्य महोदय. मी पाहिलेली आहेत.

पण त्या वेळी मी ते हसण्यावारी नेलं. मला वाटलं, हा परत येण्याचा प्रश्न व्यवस्थापनाचा आहे, माझा डबा निर्दोष आहे. एप्रिल उजाडला. उन्हाची चाचणी घ्यायची म्हणून एक भरलेला डबा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर ठेवला. दुपारी चारला आतला पारा बासष्टवर. झाकण काढलं, तर वरच्या दोन थरांतल्या कांड्या सुट्या आणि खालचे तीन थर जमिनीसारखे सपाट. डबा भक्कम होता हो, पण आतल्या कांड्यांवर आतल्याच कांड्यांचा भार होता. तो मी हिशेबातच धरला नव्हता. आणि मेचा माल जायला तीन आठवडे राहिले होते.

मी तिथंच एका उपड्या पेटीवर बसलो. बाईंची चहाची सुट्टी संपत आली होती. त्या आल्या, डब्यात डोकावल्या आणि त्यांनी मला विचारलं, "साहेब, गरम भाकरी तुमची आई कशी ठिवती?"

मला राग आला. माझं डोकं फुटायची वेळ आणि ह्या भाकरी विचारतात. म्हटलं, "टोपलीत ठेवते."

"आडवी का उभी?"

मला माहीत नव्हतं. आपल्यापैकी किती पुरुषांना माहीत आहे, हात वर करा. बघा.

"उभी टेकवत्यात," त्या म्हणाल्या. "आडवी ठिवली की खालनं घाम सुटतुया आन् भाकरी भाकरीला धरती. उभी असली की वारं लागतंय. तुमी समद्या कांड्या निजवल्या. त्यास्नी हुबं करा की."

आणि त्या नुसतं बोलून थांबल्या नाहीत. भंगारात ड्रायरची जुनी भोकांची पत्र्याची चाळण पडली होती. ती त्यांनी दोन विटांवर आडवी टाकली. एकेका भोकात एकेक कांडी उभी केली, खाली जमिनीवर टेकेल अशी, शेजारणीला न शिवणारी. दुसऱ्या दिवशी उन्हात तीच शेड, तोच पारा. चारला मी चाळण वर उचलून काढली. कांड्या टपाटप, एकेक करून माझ्या पायावर पडल्या. बहुतेक थोड्या कललेल्या, वाकलेल्या होत्या, पण सुट्या!

त्या वाकण्यावर मडिवाळप्पांनी दोन बोटं वर केली आणि म्हणाले, "एरड बेक." म्हणजे दोन पाहिजेत. खाली एक चाळण, वर एक चाळण, मग कांडी झुकणार नाही. मी भिंतींना चारी बाजूंनी भोकं धरली, वारं खेळावं म्हणून. कोपऱ्यांना लोखंडी कोन दिले, की वरच्या डब्याचा भार त्यांनी पेलावा, कांड्यांनी नव्हे. चाळण्या काढता-घालता येतील अशा ठेवल्या होत्या. बाईंनी त्या हलवून पाहिल्या आणि मान हलवली. "ह्या निघाल्या की झाली कपड्याची पेटी. रिबीट मारा." रिव्हेट मारले. अशा रीतीनं एक डबा तयार झाला, ज्यात पीठ राहत नाही, पाणी राहत नाही, कपडे राहत नाहीत. कुणाच्याच उपयोगाचा नाही, फक्त आपल्या.

मे महिन्यात असे वीस डबे मद्रासला गेले. साहेबांनी पॅकिंग खातं निम्मं करण्याचा कागद टाइप करून खणात ठेवला होता. हे मला ठाऊक होतं आणि कस्तुराबाईंनाही. मद्रासहून काही कळेपर्यंतच्या नऊ दिवसांत त्यांनी बायकांना त्यातलं काही कळू दिलं नाही. दहाव्या दिवशी तार आली, माल उत्तम, प्रत्येक कांडी सुटी. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर फाडला. आणि महिन्याभरात डबे परत आले. वीसच्या वीस.

आजवर या डब्यानं अनेक फेऱ्या केल्या आहेत. मद्रास, आग्रा, कानपूर. पॅकिंगमध्ये बावीसच्या जागी आज एकेचाळीस बायका आहेत. हा आपल्या कारखान्याच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो मी अभिमानानंच सांगतो.

इथवर सगळ्यांना ठाऊक आहे असं तुम्हाला वाटत असेल. पण नाही. तुम्हाला ठाऊक आहे ते असं, की हा डबा अंकमसाहेबांनी काढला. मुंबईच्या प्रदर्शनात त्याला दुसरा क्रमांक मिळाला, प्रशस्तिपत्रावर माझं नाव आहे, ते माझ्या केबिनमध्ये टांगलेलं आहे. मी ड्रॉइंग ऑफिसातून वर्क्स मॅनेजरच्या खुर्चीत बसलो, तो त्या डब्यावर चढूनच.

त्याचं असं झालं. डबे परत आल्यावर मद्रासचे खरेदी अधिकारी स्वतः इथं आले होते. याच हॉलमध्ये साहेब त्यांना डबा दाखवत होते. त्यांनी विचारलं, "कल्पना कुणाची?" साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. साहेबांचा दोष नाही, नकाशा माझ्या हातचा होता. कस्तुराबाई माझ्यापासून दोन पावलांवर उभ्या होत्या. मला एकच वाक्य बोलायचं होतं. मी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, टोपण लावलं. पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला. मी तो घेऊ दिला.

चार वर्षं झाली. बाई राहतात आमच्याच भवानी पेठेत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. एकदाही गेलो नव्हतो. या मंगळवारी निमंत्रण द्यायला गेलो. येडूबापूंनी घोंगडं अंथरलं, बाईंनी चहा दिला. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "मी वाट बघितली, तुमी त्वांड उघडाल म्हनून. तुमी पेनाचं टोपन लावत बसला. मग मी डबं मोजायला गेले. तितं काम पडलं हुतं की."

"राग आला असेल."

"आला की. लई आला. चार दिस तुमच्या टेबलावर रोजचं पानी ठिवलं न्हाय. तुमाला कळलं बी न्हाय."

खरंच कळलं नव्हतं.

बुधवारी मी साहेबांकडं जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अंकम, मला एकट्याला सांगून उपयोग नाही." म्हणून आज या माइकपुढं उभा आहे. प्रदर्शनाच्या संयोजकांना पत्र लिहिलं आहे. ते नाव बदलतील की नाही, सांगता येत नाही. पण कारखान्याचा नकाशा आपल्या हातात आहे. काल मी तो नव्यानं काढला. खालच्या चौकटीत लिहिलं आहे, रचना: कस्तुराबाई येडू बंडगर. पत्राकाम: मडिवाळप्पा. आणि शेवटी, रेखाटन: व्यं. अंकम. इथून पुढं प्रत्येक डबा या नकाशावरून बनेल. अध्यक्ष महोदयांना विनंती, की शाल आणि श्रीफळ देण्याआधी हा कागद त्यांनी बाईंच्या हातात द्यावा.

बाई, सही तुम्हाला येते, रवानगीच्या चिठ्ठ्यांवर रोज पाहतो. खाली जागा सोडली आहे.

भाषण संपवताना वक्ते चुकांबद्दल क्षमा मागतात, ती बहुधा न झालेल्या चुकांची असते. माझी चूक झालेली आहे आणि मोठी आहे. बाईंनी ती माफ करावीच असा माझा आग्रह नाही. तो त्यांचा अधिकार. बाकी माझ्या उच्चारांत, मानापानात, कुणाचं नाव राहिलं असेल त्यात जे उणं पडलं, ते आपण सर्वांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. अध्यक्षांनी बोलू दिलं, प्राचार्य महोदयांनी ऐकून घेतलं, येडूबापूंनी घोंगडं अंथरलं, तुम्ही सगळे शांत बसलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

काय म्हणालात, बाई? … त्या म्हणताहेत, "लई झालं. बसा आता, पानी घ्या."

घेतो. नमस्कार.