आमच्या संदीपले चूजा म्हणतेत

माह्यं माहेर शिरपूरच्या बाजूचं खेडं, आन सासर हे असं मंगरूळपीरच्या जवळ, म्हंजे सकाळी भाजी काढली का ऊन चढाच्या आत बाजारात. नाव माह्यं सुमन. पण लगन होऊन आली तवा सुमन कोणी म्हणेच ना. नवी म्हणत. सासू म्हणे नवे, पाणी आण, नणंदा म्हणत नवीले सांगा, शेजारच्या बाया म्हणत तुमची नवी कुठी गेली. संदीप पोटात होता तवाही मी नवीच. मंग धाकट्या दिराचं लगन झालं, जाऊ घरात आली, आन ते नाव माह्या अंगावरून उतरून तिच्या अंगावर गेलं, तवा कुठं मी सुमनबाई झाली. राग नव्हता मले त्या नावाचा, खोटं कायले सांगू. पण एक सांगतो ताई, नवी म्हटलं का इहिरीवर पहिले तिलेच धाडत, गोठ्यात काही वाजलं तं पाहाले तिलेच धाडत. नावात माया होती, नाही असं नाही, पण नावाच्या मांगं कामही होतं.

आमच्या घरच्याइचं, संदीपच्या बापाचं, उलटं. त्याइले असल्या नावाचा भारी राग. माणूस कष्टाचा, दारू नाही, पत्ते नाही, पण बाजारात बसाले लागले तवापासून लोकं त्याइले ए सांभार, ए मेथी अशीच हाक मारत, जे पुढ्यात असन तेच नाव. म्हातारा गिऱ्हाईक असो का कालचं पोट्टं असो, ओ वांगे, कसे देल्ले? घरी येऊन मले म्हणत, सुमन, बापानं मले नाव ठेवलं हाये ना, मंग मी भाजी हावो का? मी म्हणो, जाऊ द्या ना, बाजार हाये तो. पण त्याइच्या मनातून ते गेलं नाही, आन म्हणूनच संदीपले त्याइनं बाजारात कधी बसू देलं नाही. तू शीक म्हणत, बाकी आमी पाहून घेतो.

शिकला पोरगा. परीक्षा देल्या, फौजेत गेला, आन साधा नाही ताई, अफसर होऊन. लेफ्टनंट. ट्रेनिंग संपलं तवा आमाले बोलावलं होतं, आईबापानं पोराच्या खांद्यावर स्टार लावाचे असतेत तिथं. याइले ते काही लावता येईना, तं शेवटी दोन्ही खांद्यावरचे मीच लावले. घरी आल्याबरोबर याइनं पेंटर बोलावला आन दारावर लिहून घेतलं, लेफ्टनंट, आन पुढं संदीपचं पुरं नाव, बापाच्या नावासकट. येणाऱ्या-जाणाऱ्याले म्हणत, बापाच्या वयाचे लोकं सलाम मारतेत त्याले, साब म्हणतेत साब.

मंग त्याले पहाडावर धाडलं, बर्फात. ठिकाणाचं नाव सांगत नाहीत ते. फोन लागला तं लागला, नाही तं नाही. थंडी सुरू झाली आन फोन यायचाच बंद झाला. वर हाये म्हणे, वर टावर नसते. मी म्हटलं असन बापा.

अशात एक दिवस दारात मोटारसायकल थांबली. पोट्टं असं उभं-आडवं मजबूत, केस बारीक कापलेले. म्हणे मी गजानन, कामरगावचा, साहेबाच्याच पलटणीत शिपाई हावो, सुटीवर आलो तं साहेब म्हणाले माह्या घरी जाऊन ये. मले तं काय करू आन काय नाही असं झालं. बाजेवर बसवलं, पाणी देलं, चहा ठेवला. हे त्याच्याजवळ बसले, मी चुलीपाशी, पण कान सगळे बाहेर. तो म्हणे, मावशी, काही फिकर करू नका, आमचा चूजा एकदम... आन थांबला. बाकीचं बोलणं त्याच्या तोंडातच राह्यलं.

चूजा म्हंजे कोंबडीचं पिल्लू. एवढं हिंदी आमच्या घरच्याइले येते. उभेच झाले ते. काय म्हटलं? कोणाले म्हटलं? पोट्टं घाबरलं, म्हणे काका, चुकून निघालं, आमच्यात नवा लेफ्टनंट आला का त्याले मांगं चूजा म्हणतेत, दुसरा नवा आला का मंग त्याले म्हणतेत, तोंडावर आमी साबच म्हणतो. हे आयकून तं भडकाच उडाला. तोंडावर साब आन पाठीमांगं पिल्लू? पाठीमांगं म्हणतेत तेच खरं असते. माह्या पोरानं रक्त आटवलं ते पिल्लू व्हाले? नीघ माह्या घरातून. ते लेकरू उठलं, हात जोडले, आन गाडीले किक मारून गेलं. इकडं चहा उतू गेला.

त्या दिवशी याइनं जेवण केलं नाही आन मीही केलं नाही, पण दोघाइचं कारण येगळं. त्याइच्या डोक्यात चूजा फिरून राह्यला होता, माह्या डोक्यात फिकर करू नका. ताई, तुमीच सांगा, काही झालंच नसन तं माणूस आल्या-आल्या फिकर करू नका कायले म्हणन? आन एकदम म्हंजे एकदम काय? एकदम बरा का एकदम खंगला? फोन लावला तं बंद. जुड्या बांधता बांधता हात थांबे माहा. टीव्हीवर बर्फ दिसलं का मी उठून बंद करो. हे म्हणत, मोठ्या साहेबाचा नंबर काढतो, सांगतो का तुमच्या लोकाइले शिस्त नाही. मले त्याचीही धास्ती, का बापानं तिकडं काही सांगतलं आन पोराचं तिथं हसू झालं तं?

शेवटी बाजाराचं सांगून मी घरातून निघाली. मंगरूळहून कारंज्याची बस धरली, तिथून जीपनं कामरगाव. पिशवीत वांगे आन मेथी, रिकाम्या हातानं कसं जावं कोणाच्या घरी. नुसतं गजानन फौजी एवढंच माहीत. स्टँडवरच्या पानठेल्यावाल्यानं वावर सांगतलं. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाईप बदलून राह्यला होता तो. मले पाह्यलं आन पाईप हातातून सोडला, चिखलाचे हात तसेच जोडले, म्हणे मावशी, काकाइनं वरच्या साहेबाले सांगतलं काय? माही सुटी संपून राह्यली, मले जाऊन त्याच साहेबापुढं उभं राहा लागते. मी त्याच्यापाशी भेत भेत आली, आन तो मलेच पाहून भेला. मी म्हटलं बाबू, कोणी काही सांगतलं नाही, तू फक्त त्या दिवशीचं तुहं बोलणं पुरं कर.

बांधावर बसलो आमी. तो सांगे ना. म्हणे साहेबानं सांगू नको म्हटलं. मी म्हटलं मी त्याची माय हावो. तवा बोलला. वर एका ठिकाणी दोराची गाठ बर्फानं दगड झाली होती, हातमोजे घालून सुटे ना, तं साहेबानं मोजे काढले. नवा माणूस, त्याले काय माहीत तिथली थंडी. बोटं काळे पडाले लागले. आमचा हवालदार हाये एक जुना, त्यानं पाह्यलं, धावत गेला, साहेबाचे दोन्ही हात ओढले आन आपल्या कोटात काखेत दाबून धरले, आन वरडला, अबे चूजे, मरना है क्या? मावशी, त्या टायमाले कोणी साब नाही म्हटलं. नंतर हवालदार सलाम ठोकून म्हणे साब, मुँह से निकल गया. साहेब हसला. दोन बोटं अजून बधिर हायेत, पण वाचले. डॉक्टरनं पाह्यलं. आता परत वर गेले.

मी लय रडली ताई. परक्या वावरात, परक्या पोरापुढं. त्या हवालदाराची काख काही डोळ्यापुढून जाये ना. माह्या लेकराचे हात मी धराचे तं ते त्यानं धरले, आन इकडं आमच्या घरून त्याच्या माणसाले चहाही मिळाला नाही.

मंग जे पोटात होतं ते इचारलं. म्हटलं बाबू, आमच्यात नवीले पहिले इहिरीवर धाडत, तुमी चूजाले कुठं धाडता? त्यानं हाताचा चिखल बांधावरच्या गवताले पुसला. मंग म्हणे, आमी नाही धाडत मावशी, साहेब आपणच पुढं जाते. अफसर पुढंच असते, नवा असो का जुना. पण चूजा हाये तवरोक हवालदार आमाले म्हणते, चूजे के पीछे रहो, गिरने मत देना.

घरी येऊन मी सगळं सांगतलं, फक्त बोटं अजून बधिर हायेत ते नाही सांगतलं. याइनं पुरं आयकून घेतलं. मंग म्हणे, तरीही पिल्लू म्हणाले नको होतं. आता यात कोण खरं? अफसराले असं म्हणणं बरं नाही हे मलेही समजते. पण ज्यानं म्हटलं त्यानंच हात वाचवले, हेही मले समजते. दोन्ही एकाच टायमाले समजते, म्हणून तं झोप लागत नाही.

गजानन परत निघाला तवा आमी दोघंही स्टँडवर गेलो. मी तिळाच्या लाडवाचे दोन डबे देले, एक संदीपचा, एक हवालदाराचा. याइनं चुकलं बिकलं म्हटलं नाही, त्याइच्यानं ते होत नाही. त्याची बॅग उचलून गाडीत ठेवली आन इचारलं, दुसरा नवा केव्हा येते तुमच्यात? तो म्हणे येईन काका, उन्हाळ्यापर्यंत. याइचा चेहरा जरा उजळला. उन्हाळ्यात ते नाव आपल्या पोरावरून उतरन, एवढंच त्याइले दिसलं.

आन मले तिथंच दुसरं दिसलं. नाव दुसऱ्या माईच्या पोरावर जाईन, जाऊ दे, त्याचंही बरं होवो. पण मंग हवालदार त्या नव्याच्या मांगं राहीन ना. संदीप तं पुढंच राहीन, त्याच्या मांगं कोण?

फोन अजून नाही आला. आता रोज संध्याकाळी हे देवापुढं हात जोडतेत, मीही जोडतो. हे म्हणतेत, देवा, माह्या पोराले साब म्हणू दे. मी म्हणतो, अजून थोडे दिवस चूजाच राहू दे. देव कोणाचं आयकते कोण जाणे, दोघाइचंही पोरगं एकच हाये.