गेलेल्यांच्या बाजूची मेणबत्ती

— नाही, मेणबत्ती नकोय, प्रोफिरामावशी — म्हणजे हवीय, पण नंतर. आधी सांगा, त्या मंगळवारी तुम्ही बघितलंत ना मला? बघितलंतच. मेणबत्त्या विकायच्या या खिडकीत बसून दिवसभर दुसरं करता काय तुम्ही! चष्मा नव्हता हो माझ्याकडे, घाईत होतो. मेणबत्ती लावायची अलीकडची पेटी जिवंतांसाठी, पलीकडची गेलेल्यांसाठी — चाळीस वर्षं या चर्चमध्ये येतोय, तरी चुकतं माणसाचं. आपले खासदार दोरोफ्तेइसाहेब तेव्हा दवाखान्यात होते, चांगले सूप पीत होते, त्यांना बरं वाटावं म्हणून लावायला आलो आणि लावली कुठं? पलीकडे! नवव्या दिवशी गेले. मेणबत्तीनं कुणी मरत नाही — मी गणिताचा मास्तर आहे, मला कळतं तेवढं.

पण मी म्हणतो, खासदार गेला तर पुन्हा मतदान घ्या ना! मध्यंतरी काही वर्षं घ्यायचे की आपल्याकडे, लोकांना विचारायचे. आता काय, पक्षाची यादी! वरचं नाव गेलं की खालचं नाव बुखारेस्टला, संसदेत. खालचं कुणाचं? माझं. झाम्फिर मास्तरचं. मला कोण ओळखतं, मावशी? माझं एक पोस्टर नव्हतं कुठं. साहेबच म्हणाले होते, ‘मास्तर, नाव असू द्या तुमचं, यादीला शोभा येते.’ आणि मी? रोज संत्री घेऊन दवाखान्यात. रोज नर्सला विचारायचो, कसं काय? मंगळवारी ती म्हणाली, ‘सुधारतायत हो!’ — आणि माझं तोंड उतरलं. उतरलं, मावशी! तिनं बघितलं. तिथनं तडक इथं आलो मी.

चष्मा? ...होता. नाकावरच होता. पेटीवरची पाटी वाचली मी. दोनदा वाचली.

लाज वाटते हो. काल त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर त्यांच्या बायकोनं स्वतःच्या हातानं, गेलेल्यांच्या नावानं वाटतात तो गव्हाचा प्रसाद दिला मला, म्हणाली, ‘तुम्ही जाताय त्यांच्या जागी, बरं झालं, आपलंच माणूस.’ तो तसाच रुमालात बांधून घरी नेला. म्हणून ठरवलंय — सोमवारी शपथ घेत नाही. जागा नको, असं लिहून देतो. जाऊ दे तिसऱ्या नावाला. तिसरा म्हणजे आपला औषधवाला कोर्नेल, माझाच विद्यार्थी, गुणी पोरगा. देवभोळाही आहे... काय? आज सकाळीच येऊन गेला? बघा, म्हटलं ना! किती घेतल्या मेणबत्त्या? एकच? साहेबांसाठी असेल. नाही? मग कुणासाठी?

...माझ्यासाठी? मला काय झालंय? ठणठणीत आहे मी. मग लावली कुठल्या — नको. मावशी, बोट नका दाखवू. द्या, त्या बाईंना द्या मेणबत्ती, केव्हाच्या उभ्या आहेत. आज चष्मा नाहीये माझ्याकडे.