ताटलीवरचं लाल कापड

वाडीहून सीताबर्डीला निघालेल्या बसमध्ये मायाच्या पुढच्याच सीटवर एक म्हातारा मांडीवर जुना ग्रामोफोन धरून बसला होता. शेजारी त्याची नात मोबाइलमध्ये डोकं घालून होती. मायाने कान तिकडेच लावले.

“आबाजी, याचा कर्णा पेटीच्या आतच आहे. म्हणजे बाहेर कर्णा असलेल्यांच्या नंतरचा. शंभरेक वर्षांचा असंन.”

“असंन. माह्या बापानं जुनाच आणला होता.”

“पण रेकॉर्ड ठेवायच्या ताटलीवर हिरवं कापड पाहिजे, असं इथं मोबाइलमध्ये लिहिलं आहे. आपलं तर लाल आहे.”

“हिरवं कसरीनं खाल्लं, धनश्री. तुह्या आजीचं लगनाचं लुगडं मीच विणलं ना, त्याचा मागावर उरलेला तुकडा चिकटवला.”

“आजीले माहीत होतं?”

“तर. रेकॉर्ड न ठेवताच फिरवत बसे. म्हणे, पाहा जी, माह्यं लुगडं फुगडी खेळून राहिलं.”

“आपण ज्याले हा विकून राहिलो, तो दुकानदार ते काढून हिरवं लावणार आहे, पुढं विकायच्या आधी.”

“लावू दे. घेणाऱ्याले अस्सल पाहिजे.”

सीताबर्डी आली. नात जागची हलली नाही.

“उतर ना वं.”

“कंडक्टरभाऊ, हीच बस परत वाडीले जाते ना? दोन तिकिटं द्या.”