शितल टाले यांचा अर्ज मुदतीत न गेल्याबाबत

ज्योती भीमराज खिल्लारे, वय २६ वर्षे, व्यवसाय ऑनलाइन फॉर्म भरणे, रा. सेनगाव, जि. हिंगोली.

ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून सांगते की, सेनगावात माझे फॉर्म भरण्याचे दुकान आहे. दुपारी मी सर्व्हर चालवण्याचा कोर्स करते.

काल अंगणवाडी मदतनीस पदाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. मुदत सायंकाळी पाचपर्यंत. चार वाजून वीस मिनिटांनी शितल जळबा टाले, वय ३९, व त्यांचे वडील उत्तमराव दुकानात आले. थोड्या वेळात मी अर्ज बराच भरून आणला. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात मी 'विवाहित' लिहिले. शितलबाई हळू म्हणाल्या, "ते पुसा ताई. विधवा लिहा."

मी कंट्रोल आणि डब्ल्यू ही बटणे दाबली. कोर्समध्ये सर्व्हरला आज्ञा टाइप करतो त्या काळ्या स्क्रीनवर त्याने मागचा एक शब्द पुसला जातो. ब्राउझरमध्ये त्यानेच अख्खे पान बंद होते. तिथे शब्द पुसायला कंट्रोल आणि बॅकस्पेस लागते. हा फरक मला माहीत आहे. दुसऱ्यांना शिकवलाही आहे. त्या वेळी माझे लक्ष बटणांकडे नव्हते.

पान पुन्हा उघडले तेव्हा भरलेली सर्व माहिती गेली होती. ओटीपी परत मागितला. तो चार त्रेपन्नला आला. फोटो चढत असताना पाच वाजले व 'मुदत संपली' असे आले.

शितलबाईंच्याच गावच्या त्याच पदासाठी माझी मावसबहीण आकांक्षा हिचा अर्ज मी सकाळी भरला होता. उत्तमराव म्हणाले, "तुह्या बहिणीचा बराबर गेला, मंग आमचाच काहून पुसला?" त्यांनी कीबोर्ड जमिनीवर आपटला व ठाण्यात येऊन तक्रार दिली.

एकच बटण दोन ठिकाणी दोन कामे कसे करते, असे हवालदारसाहेबांनी मला तीन वेळा विचारले. मी तिन्ही वेळा ठाण्याच्या कॉम्प्युटरवर करून दाखवले. तिसऱ्या वेळी त्यांचेच उघडे पान गेले. असे का ठेवले आहे ते मला सांगता येत नाही. ते मी बनवलेले नाही.

आज सकाळी शितलबाई ठाण्यात येऊन म्हणाल्या, "पुसा मीच म्हणले व्हते. ताईनं जाणून केलं न्हाई." त्यानंतर आम्ही दोघी अंगणवाडी भरतीच्या कार्यालयात जाऊन आलो. मुदतीनंतर अर्ज घेत नाहीत, असे सांगण्यात आले. विधवांसाठी वयाची मर्यादा चाळीस आहे. पुढच्या भरतीत शितलबाई बसणार नाहीत.

चूक माझी आहे. हेतू नव्हता. कीबोर्डबद्दल माझी तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'अर्ज पुसला' असे लिहिले होते, ते खोडून 'पान बंद झाले' असे करून घेतले व बाजूला सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे.